तबकडीचा उगम
जुनी गाणी मूळ ध्वनिफितीवरून थेट तबकडीवर उतरवणारी कंपनी, अशी अमेरिकेतल्या ‘मोबाइल फिडेलिटी’ची ख्याती होती. २०२२मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या १९८२च्या ‘थ्रिलर’च्या सुमारे ४०,००० तबकड्या काढायचे ठरवले. जाणकारांना शंका आली. तिच्या पद्धतीत एका साच्यातून थोड्याच तबकड्या निघतात. प्रत्येक नव्या साच्यासाठी मूळ फीत पुन्हा वाजवायची, तर चाळीस वर्षांची फीत ते किती सोसणार?

त्याच जुलैत कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केले, की २०११पासून अनेकदा आधी डिजिटल प्रत काढली जात होती. शंभर-सव्वाशे डॉलर मोजणाऱ्या रसिकांनी याच आवाजाला दाद दिली होती, मंडळी! आवाज चोखच होता. राग आला तो लपवण्याचा. आता कंपनी तबकडीचा उगम जाहीर करते. आधीच सांगितले असते, तरी रसिकांनी ती घेतली असती, असे मला वाटते.