गॅसवरची गाडी घाटात का दमते?

जव्हार-मोखाड्याच्या बाजारांत कापड, बांगड्या, भांडी किंवा भाजीपाला घेऊन जाणाऱ्या व्यापारी बांधवांची रोजी गाडीच्या चाकांवर अवलंबून असते. पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून जुनी व्हॅन घेऊन तिला एल. पी. जी. किट बसवले जाते. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले असले, तरी अशा वापरलेल्या गाड्यांवर धंदा करणारे आजही आहेत. मात्र मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारला चढताना किंवा मोखाड्याहून त्र्यंबककडे जाताना भरलेली गाडी दम तोडते, बाजार हुकतो आणि घाबरून मालक इंजिन खोलायला देतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

आमचे सांगणे एवढेच की, पाना हातात घेण्यापूर्वी गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. तोच दोष पेट्रोलवरही दिसला, तर तो इंजिनाचा किंवा करंटचा. पेट्रोलवर गाडी नीट आणि गॅसवर बिघडलेली, तर आधी प्लग व वायरी आणि मग गॅसचे किट पाहावे. या एका परीक्षेने निम्मे काम होते.

टाकीतून गॅस द्रवरूपाने निघतो. फिल्टर व विजेच्या व्हॉल्व्हमधून तो रिड्यूसरमध्ये येतो. तेथे इंजिनाच्या गरम पाण्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि मिक्सरमधून हवेत मिसळून ती इंजिनात जाते. दोष याच वाटेवर शोधायचा असतो.

सकाळी गाडी धरत नाही : हिवाळ्यात मोखाड्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. पाणी थंड असताना गॅसवर सुरू केल्यास रिड्यूसर गोठतो. म्हणून गाडी पेट्रोलवर सुरू करून इंजिन गरम होऊ द्यावे. कार्बोरेटरच्या गाडीत स्वीच मधल्या जागी ठेवून आतले पेट्रोल संपू द्यावे आणि इंजिन अडखळू लागताच गॅसवर टाकावे. इंजिन गरम होऊनही रिड्यूसरवर दव गोठत असेल, तर रेडिएटरमध्ये पाणी कमी आहे, पाण्याच्या नळीत हवा अडकली आहे किंवा नळी तुंबली आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडावे.

चढावर ओढत नाही : गॅस पेटवण्यासाठी प्लगला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. सपाटीवर चालून जाणारा जुना प्लग घाटात भाराखाली दगा देतो. प्रथम प्लग व त्याची गॅप, मग प्लगच्या वायरी पाहाव्यात. पावसाळ्यात ओल्या वायरींतून करंट गळतो. अंधारात बॉनेट उघडले की ठिणग्या दिसतात. त्यानंतर एअर फिल्टर व गॅसचा फिल्टर साफ आहे का ते पाहावे. टाकीची चावी सावकाश पूर्ण उघडावी. झटक्याने उघडल्यास आतला सुरक्षा व्हॉल्व्ह अडकून गॅस कमी येतो.

फटाके वाजतात : कारण बहुधा कमजोर ठिणगी, गॅस कमी पडणे किंवा कोठून तरी जादा हवा शिरणे हेच असते. तशीच गाडी रेटल्यास एअर फिल्टरचा डबा फुटतो.

रेस सोडताच बंद पडते : रिड्यूसरमध्ये तेलकट गाळ साचला असेल किंवा आतला रबरी पडदा कडक झाला असेल. गॅस बंद करून गाळ काढावा. पडदा बदलणे मात्र जाणत्या कारागिराचे काम आहे. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत किटचा संगणक असतो, तेथे अंदाजाने स्क्रू फिरवू नये.

गॅसवर अॅव्हरेज पेट्रोलपेक्षा कमी पडतो, हा बिघाड नव्हे. लिटरमागे गॅसमध्ये उष्णता पाव हिश्श्याच्या आसपास कमी असते. फायदा दरात आहे, म्हणून हिशेब किलोमीटरमागे करावा. टाकीत पेट्रोल नेहमी ठेवावे आणि रोज तीन-चार किलोमीटर त्यावर चालवावे. नाहीतर कार्बोरेटरचे जेट चिकटतात आणि गॅस संपल्यावर घाटात पेट्रोलही कामी येत नाही. कोरड्या गॅसने जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, म्हणून टॅपेट वेळेवर तपासावेत.

वास आला, तर गाडी थांबवून इंजिन व टाकीची चावी बंद करावी, दारे उघडावीत, माणसे दूर करावीत. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी व गॅरेजच्या खड्ड्यात साचतो. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडी लावून कधीही नव्हे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. काहीजण घरगुती सिलिंडर गाडीत जोडतात. सन २००० च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याने गॅस किटला वाट दिली, ती मान्यताप्राप्त किट व आर. सी. बुकातील नोंद यांसाठी. स्वयंपाकाच्या सिलिंडरसाठी नव्हे. गाडीच्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणे रोखणारा व्हॉल्व्ह असतो. घरगुती सिलिंडरला गाडीतली ही सोय नसते. चार पैसे वाचवताना जीव धोक्यात जातो, अपघात झाल्यास विम्याचाही भरवसा राहत नाही.

मेकॅनिक बांधवांनाही आमची विनंती आहे. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे अमानत असते. प्लगचा दोष असताना पिस्टनचे काम काढू नये आणि घरगुती सिलिंडरची जोडणी कितीही मजुरी मिळाली तरी करू नये. हलाल कमाईत बरकत आहे आणि घाटातल्या धंद्यात विश्वास हेच खरे भांडवल आहे.