तुळशीचं एक वर्ष: कार्तिक ते आश्विन

तुळशीचं लग्न लागतं, ऊस, आवळे, चिंचा, बोरं वृंदावनातून निघतात आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत अनेक घरांतली तुळस वाळते. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर राम तुळस आणि कृष्ण तुळस दोन्ही आहेत. गेलं वर्षभर त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहिलं. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की तुळशीची निगा हाच तिच्या पूजेचा मोठा भाग आहे.

तुळस पुदिन्याच्या कुळातली. चौकोनी कोवळी फांदी, समोरासमोर पानं, ओठ उघडल्यासारखी इवली फुलं ही या कुळाची ओळख. ती बहुवर्षायू असली तरी कुंडीत दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखं होतं आणि फूट मंदावते. म्हणून जुन्या झाडाच्या जोडीला नवं रोप तयार ठेवावं लागतं.

कार्तिकात मंजिऱ्या वाळून तपकिरी झाल्या होत्या. तळहातावर चोळून बी काढलं आणि कागदाच्या पुडीत ठेवलं. फालुद्यात घालतो तो सब्जा या तुळशीचा नसतो, तिच्या दुसऱ्या एका भावंडाचा असतो. मार्गशीर्ष-पौषात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, तशी वाढ थांबली आणि पानं गळू लागली. या काळात रोज तांब्याभर पाणी ओतलं तर थंड, ओल्या मातीत मुळं कुजतात. म्हणून सासूबाईंनी रोजचं पाणी पळीभरावर आणलं. हळद-कुंकू मुळाशी न टाकता वृंदावनाच्या कठड्याला लावलं आणि दिव्याची आच लागू नये म्हणून निरांजन खोडापासून दूर ठेवलं. पूजेत काही कमी झालं नाही आणि झाडही तगलं.

फाल्गुनात वाळक्या काड्या काढल्या, उरलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटल्या आणि वरची माती हलकी करून शेणखत घातलं. चैत्रात प्रत्येक पेरापाशी दोन-दोन फुटवे आले. पुडीतलं बी तेव्हाच पेरलं. ते अगदी बारीक असल्यामुळे खोल पुरायचं नाही, वर फक्त माती भुरभुरायची. आठवडा-दीड आठवड्यात हिरवे ठिपके दिसू लागतात.

वैशाखात तुळशीवर गळती लावायची आपल्याकडे रीत आहे. तळाला भोक असलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी मुळाशी पडत राहतं. हे आजच्या ठिबक सिंचनासारखंच काम आहे. ऐन उन्हाळ्यात, पाणी सर्वांत जास्त लागतं तेव्हाच, ही रीत येते. रविवारी आणि द्वादशीला पानं तोडू नयेत, या नियमानेही झाडाला आपोआप विसावा मिळतो.

ज्येष्ठात वारीच्या वाटेवर बायका डोक्यावर वृंदावन घेऊन पंढरपूरला निघतात, त्या सुमारास इथे पाऊस सुरू होतो. आषाढ-श्रावणात कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाकल्या. संगमरवरी किंवा सिमेंटच्या शोभिवंत वृंदावनाला तळाशी भोक नसेल, तर पावसाळ्यात तुळस हमखास जाते. याच दिवसांत, मंजिरी न आलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे पाण्यात ठेवले. त्यांना मुळं फुटली आणि ती रोपं शेजारी दिली.

भाद्रपदात पत्री गोळा करताना तुळस खुडली. गणपतीला ती एरवी वाहत नाहीत, चतुर्थीच्या पत्रीत मात्र असते. आश्विनाच्या उन्हात पानं वळू लागली, पांढुरकी झाली आणि खालच्या बाजूला काळे ठिपके दिसले. जाळीदार पंखांचा, जेमतेम तीन मिलिमीटरचा किडा पानातला रस शोषत होता. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं धुतली आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल व साबणाचे दोन थेंब घालून फवारलं. त्यानंतर काही दिवस ती पानं काढ्यासाठी घेतली नाहीत.

वर्षभरात सर्वांत उपयोगी पडलं ते मंजिऱ्या खुडणं. मंजिरीत बी धरू लागलं की झाडाची ताकद तिकडे जाते आणि पानं लहान होतात. कोवळ्या मंजिऱ्या वरच्या दोन पानांसकट खुडल्या की झाड डेरेदार होतं. सगळ्या मात्र खुडू नयेत. थोड्या राखल्या तर मधमाश्यांना मकरंद मिळतो आणि आपल्याला बी.

यंदा लग्नासाठी वृंदावन सजवण्याआधी त्याच्या तळाला भोक आहे ना, हे पाहा. झाडाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला. एवढं केलंत, तर पुढच्या कार्तिकात बाजारातून नवं रोप आणावं लागणार नाही.