समुद्र दूर, पण झळ दाराशीं

सोलापुरास समुद्र नाहीं. मग जलमार्गांच्या राजकारणाची चिंता सोलापूरकरांनीं कां वाहावी, असें कित्येक वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, येथील मागावर विणलेला टॉवेल युरोपास निघाला, म्हणजे त्याचें भवितव्य बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनींत ठरतें. गाझांतील युद्धाचें कारण पुढें करून येमेनच्या हुथींनीं २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रांत व्यापारी जहाजांवर हल्ले आरंभिले, तेव्हां बड्या कंपन्यांनीं सुवेझ सोडून आफ्रिकेस वळसा घातला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनीं लांबला. भाडें चढलें, विमा चढला. भांडण कोणाचें आणि भुर्दंड कोणास! माल वाटेंत रखडला कीं कारखानदाराचें भांडवल अडकतें, आणि भांडवल अडकलें कीं पहिली कात्री कामगाराच्या मजुरीस लागते.

हा प्रकार नवा नव्हे. १९६७ च्या युद्धानें सुवेझचा कालवा १९७५ पर्यंत बंद राहिला होता. समुद्र सर्वांचा खरा. परंतु त्याच्या अरुंद दारांच्या किल्ल्या ज्याच्या हातीं, व्यापार त्याच्या मुठींत.

हें मर्म ओळखणारा पुरुष सोलापुरांतच जन्मला होता. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९१९ सालीं नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह सिंदिया कंपनी काढली. त्याच वर्षीं ५ एप्रिल रोजीं तिची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश कंपन्यांनीं दर पाडून तिला बुडवूं पाहिलें. १९२३ च्या करारानें तिच्या वाढीस मर्यादा पडल्या. तरीहि तिनें विशाखापट्टणम् येथें गोदी उभारिली, आणि तेथील 'जलउषा' १९४८ सालीं पाण्यांत उतरली.

समुद्र ओलांडल्यानें धर्म बुडतो, असें मानून आम्हीं एके काळीं आपले पाय आपणच बांधून घेतले होते. ती सिंधुबंदी गेली. परक्या जहाजांवर विसंबण्याची संवय मात्र गेली नाहीं. स्वदेशी जहाजावर क्षेपणास्त्र पडत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पण संकटकाळीं कोणाचा माल आधीं न्यावा व भाडें किती घ्यावें, हें तरी सर्वस्वीं परक्याच्या मर्जीवर राहात नाहीं.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत २५,००० कोटी रुपयांचा सागरी विकास निधि जाहीर झाला, हें इष्टच झालें. परंतु निधि म्हणजे जहाज नव्हे; गोद्यांतून जहाजें उतरतील तेव्हांच तो सार्थकीं लागला असें म्हणतां येईल. तोंवर येथील लहान कारखानदारांनीं एकजुटीनें भाडें व विमा ठरवावा. आणि समुद्रावरील तोटा ज्यानें समुद्र कधीं पाहिलाहि नाहीं, त्या विणकराच्या माथीं मारूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.