गोंगाट करणारी माती

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात कल्पेपर नावाचा एक परगणा आहे. तिथल्या यादवी युद्धातली ब्रँडी स्टेशनची प्रसिद्ध घोडदळाची लढाई ९ जून १८६३ रोजी याच परगण्यात झाली, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात उत्तरेच्या फौजेने इथे तळ ठोकला. लाखाच्या आसपास माणसे वसंत ऋतू उजाडेपर्यंत इथे राहिली. त्यांनी लाकडी झोपड्या बांधल्या, चुली पेटवल्या, पितळी बटणे हरवली, शिशाच्या गोळ्या सांडल्या. या वस्तू शोधायला आजही हौशी मंडळी मेटल डिटेक्टर घेऊन जमीनमालकाच्या परवानगीने तिथल्या शेतांत उतरतात. नवखा माणूस पहिल्याच दिवशी चक्रावतो. दुसऱ्या परगण्यात वीतभर खोलीवरचे नाणे दाखवणारे यंत्र इथे चार बोटे खालची गोळी दाखवत नाही. उलट काहीही नसलेल्या जागी ओरडत सुटते. तिथले शोधक या मातीला 'गरम माती' म्हणतात. हाताला ती गरम लागत नाही, यंत्राला लागते.

एवढ्या दूरच्या मातीबद्दल मराठी वाचकाने का वाचावे? कारण ती माती आपल्या नात्यातली आहे. कल्पेपरच्या तांबड्या गाळखडकांत सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी लाव्हा घुसला आणि वर न येता आतच थिजला. त्या खडकाला डायाबेस म्हणतात. दख्खनचा काळा पाषाण त्याहून बराच तरुण, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पण रासायनिक घडण पाहिली तर दोघे भाऊबंद. फरक इतकाच, की तिथे असा खडक ठिकठिकाणी आहे आणि आपल्याकडे त्याने पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. म्हणजे कल्पेपरमध्ये जे एका परगण्याचे दुखणे, ते महाराष्ट्रात बहुतेक जिल्ह्यांचे.

खात्री करायची तर एक लोहचुंबक कापडात गुंडाळून घाटावरच्या कुठल्याही ओढ्याच्या वाळूतून फिरवावा. कापडाला काळ्या बारीक कणांची दाढी चिकटते. हे मॅग्नेटाइट आणि त्याच्या जातकुळीतले टायटॅनियमयुक्त लोहखनिज. मात्र चुंबकाची ही परीक्षा अर्धीच गोष्ट सांगते. मातीत आणखी एक प्रकार असतो, लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म कणांचा. खडक झिजताना ते तयार होतात आणि माती भाजली गेली की आणखी वाढतात. आपल्या जुन्या बोलीत शेतजमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, कुंभाराच्या भट्ट्या लागल्या, आगी लागल्या. आगीने मातीतल्या लोहाचे रूप पालटते आणि तिचे चुंबकत्व वाढते. म्हणून जिथे माणसे राहिली, म्हणजे जिथे जुनी वस्तू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच माती यंत्राला जास्त छळते.

ती कशी छळते ते कळायला यंत्राच्या पोटात शिरावे लागते. बाजारातली बहुतेक यंत्रे अखंड लहरींवर चालतात. चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक सतत बदलते चुंबकीय क्षेत्र खाली पाठवते, त्याने धातूत भोवरी प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. उत्तर किती उशिरा आले यावरून यंत्र धातू ओळखते. लोखंडाचा उशीर वेगळा, तांब्याचा वेगळा. पण खालची मातीही उत्तर देतच असते, आणि आपल्यासारख्या मातीत ते उत्तर गोळीच्या उत्तराहून कितीतरी मोठे असते. यंत्र मातीचे उत्तर मोजून वजा करते. याला भू-संतुलन म्हणू. माती एकसारखी असेल तर हिशेब जमतो. पण दर दोन पावलांवर मुरूम, गोटा, भाजलेल्या मातीचा ढेकूळ येऊ लागला की वजाबाकी चुकते. मग खोल पडलेले पितळी बटण लोखंडी खिळ्यासारखे बोलू लागते, आणि लोखंड गाळण्याची सोय चालू ठेवलेला माणूस त्याच्यावरून शांतपणे पुढे जातो.

या विद्येचा जन्मच अशा फसगतीतून झाला आहे. १८८१च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरात रुतलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले विद्युत-उपकरण घेऊन गेले. ते निकामी ठरले. शोध रोग्याच्या एकाच कुशीत घेऊ दिला गेला, हे एक कारण; दुसरे, अंथरुणाखालच्या पोलादी स्प्रिंगा. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला जे ऐकायचे होते त्याच्याभोवती दुसऱ्याच लोखंडाचा गोंगाट होता.

दुसऱ्या जातीचे यंत्र स्पंदनावर चालते. ते क्षेत्र उभे करते, झटक्यात तोडते, आणि मायक्रोसेकंदांत मोजावी लागणारी उसंत घेऊन मगच ऐकू लागते. देवळातल्या घंटेवर टोला मारावा आणि टोल्याचा दणका विरल्यावर मागे रेंगाळणारा नाद तेवढा ऐकावा, तसे. यातली खुबी अशी, की मॅग्नेटाइटचे भरड कण क्षेत्र तुटताच गप्प होतात, पण धातूतले भोवरी प्रवाह थोडा वेळ टिकतात. अर्धा गोंगाट असा आपोआप गळतो. उरतात ते सूक्ष्म कण. ते लगेच गप्प बसत नाहीत, रेंगाळतात. पण त्यांचे विरणे ठरावीक चालीचे असते, वेळ दुप्पट झाला की आवाज साधारण निम्मा. धातूचा नाद आधी टिकतो आणि मग झपाट्याने कोसळतो. दोन-तीन वेगवेगळ्या क्षणी मोजमाप घेतले की या दोन चाली वेगळ्या काढता येतात. ऑस्ट्रेलियातल्या लोहमातीत सोने शोधण्यासाठी मिनलॅब कंपनीने १९९०च्या दशकात ही युक्ती बाजारात आणली आणि सोन्यासाठी घडलेली तीच यंत्रे पुढे कल्पेपरच्या शोधकांनी उचलली.

मग सर्वांनी स्पंदन-यंत्रच घ्यावे का? इतके सोपे नाही. ते महाग असते, जड असते, विजेच्या तारांजवळ कुरकुरते. उसंत घेण्यात कागदासारख्या पातळ पत्र्याचा किंवा बारीक दागिन्याचा क्षणभंगुर नाद निघून जातो. आणि मुख्य म्हणजे लोखंड ओळखण्याच्या बाबतीत ते जवळजवळ भोळे आहे. छावणीच्या जागेवर खिळे हजारोंनी असतात. दिवसभर खणून ओंजळभर खिळे घेऊन परतायची तयारी हवी. या दोन टोकांच्या मध्ये एकाच वेळी अनेक वारंवारितांवर ऐकणारी यंत्रे आहेत. ओल्या खारट वाळूत ती उत्तम, मध्यम मातीतही चांगली. खऱ्या गरम मातीत मात्र खोली गमावतातच.

दुकानदार सांगतो ती खोली हवेतली असते, हे गिऱ्हाइकाने गृहीत धरावे. मोठी चकती म्हणजे जास्त खोली, हाही असाच समज. मोठी चकती एका वेळी जास्त माती पाहते, म्हणजे जास्त गोंगाट ऐकते. वाईट मातीत लहान चकती आणि कमी ठेवलेली संवेदनशीलता पुष्कळदा अधिक खोल जाते. चकतीतली वेटोळी दोन इंग्रजी 'डी' अक्षरांसारखी एकमेकांवर चढवलेली असतील तर ती मातीचा पातेभर पट्टा पाहते, एकात एक गोल असतील तर शंकूभर. आपल्याकडे पहिली बरी.

माझ्या मते खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे: काय हुकले तर चालेल? कल्पेपरच्या हौशी माणसाला खिळा नको, बटण हवे. इतिहासाच्या अभ्यासकाला तशी निवड करता येत नाही. आपल्या असईचेच उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात वेलस्लीची फौज शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यावर चालून गेली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची जी हानी केली ती त्यांच्याच कागदांत नोंदलेली आहे: मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांहून जास्त. पण तोफा नेमक्या कुठे उभ्या होत्या, पायदळाने तोंड कोणत्या रेषेत फिरवले, हे कागदांवरून अंदाजानेच मांडावे लागते. ते मातीत लिहिलेले असेल तर दोन धातूंत असेल: बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या, तोफेचे गोळे लोखंडी. 'लोखंड गाळा' ही कळ दाबून इथे फिरणारा माणूस त्या दिवसाच्या तोफखान्याला गप्प करील. हौशी माणसाला जो स्पंदन-यंत्राचा दोष वाटतो, तो अशा ठिकाणी गुण ठरतो.

हे कल्पनारंजन नव्हे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या माळावर, जिथे १८७६ मध्ये कस्टरची तुकडी कापली गेली, १९८३च्या वणव्याने गवत जळाले. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या हाती डिटेक्टर देऊन माळ विंचरून काढला. प्रत्येक आवाजावर निशाण रोवले आणि प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर टिपली. काडतुसाच्या टोपणावर बंदुकीच्या खिळीचा जो ठसा उमटतो, तो दर बंदुकीचा निराळा. त्यावरून एकेक बंदूक माळावर कुठून कुठे गेली हे उलगडले. वस्तूंना तिथे स्वतःची अशी किंमत फार नव्हती; किंमत होती ती जागेच्या नोंदीला. कल्पेपरच्या खासगी काचपेट्यांत मांडलेल्या बटणांविषयी म्हणूनच मला हळहळ वाटते. ती चकाकतात, पण कुठल्या झोपडीच्या दारात पडली होती ते बहुतेकांना आता सांगता येत नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही यंत्र घेण्याआधी माहीत हवे. १८७८चा भूमिगत धनाचा कायदा अजून जिवंत आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक. किंमत दहा रुपयांची ठेवून इंग्रजांनी पळवाट फारशी ठेवलेली नाही. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्यावाचून उकरणे १९५८च्या कायद्याने गुन्हा ठरते. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो. तेव्हा गडाच्या माचीवर रात्री यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना हा लेख उपयोगी पडू नये अशीच इच्छा आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे, ज्यांच्या पाहणीत नकाशा आणि नोंदवही आहे, त्यांनी यंत्र मागवण्यापूर्वी मातीकडे जावे, एवढे सांगायचे आहे.

मातीची परीक्षा अवघड नाही. भूसुरुंग काढणारी पथके जी करतात तीच करावी. मातीत धातू नाही अशी जागा घ्यावी, यंत्र कंबरेएवढे वर धरून ठरावीक संवेदनशीलतेवर लावावे आणि सरळ खाली आणत जावे. नुसत्या मातीने ते किती उंचीवर वाजू लागते ती उंची सेंटिमीटरमध्ये लिहावी. शेताच्या पाच-सहा ठिकाणी, बांधावर, पांढरीत, ओढ्याकाठी तेच करावे. सगळीकडे उंची कमी आणि सारखी आली तर अखंड लहरींचे साधे यंत्र पुरते. ती जास्त असली, पण सगळीकडे सारखी, तर भू-संतुलन चांगले असलेले यंत्र भागवते. आकडे दर ठिकाणी उड्या मारत असतील तर स्पंदन-यंत्राशिवाय इलाज नाही. हीच परीक्षा एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर घ्यावी, कारण ओल्या मातीतून वीज अधिक वाहते आणि यंत्राला माती पुन्हा निराळी भासते.