नैसर्गिक मारक पेशी : विषाणूंशी होणारा पहिला सामना

घरातील एखाद्या मुलाला कांजिण्या आल्या म्हणजे त्याला निराळे निजवतात, हलका आहार देतात आणि फोडांवर खपल्या धरण्याची वाट पाहतात. बहुधा आठ-दहा दिवसांत मूल पुन्हा खेळू लागते. परंतु पहिला फोड आपल्या दृष्टीस पडतो, त्याच्या १० ते २१ दिवस आधीच कांजिण्यांचा विषाणू त्या मुलाच्या शरीरात शिरलेला असतो. त्या काळात घरच्या माणसांना काहीच कळत नाही. शरीरात मात्र झुंज सुरू झालेली असते. या झुंजीत अगदी आरंभी उतरणाऱ्या एका प्रकारच्या पेशींचा परिचय आपण येथे करून घेऊ.

पेशीत दडलेला शत्रू

विषाणू हा स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला जिवंत पेशीत शिरावे लागते आणि तिचीच यंत्रणा वापरून आपल्या प्रतिकृती तयार करून घ्याव्या लागतात. पुष्कळ विषाणूंच्या बाबतीत हे काम एका दिवसाच्या आत पुरे होते आणि एका पेशीतून शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात.

रक्तातील प्रतिपिंडे पेशीच्या बाहेर असलेल्या विषाणूला पकडू शकतात. पण आत शिरलेल्या विषाणूपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. अशा वेळी विषाणूसकट ती पेशीच नष्ट करणे, हा शरीरापुढील मुख्य उपाय होय. हे काम टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी करतात. तथापि त्यांची एक अडचण आहे. एखाद्या विषाणूशी प्रथमच गाठ पडली, तर त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी शरीरात फारच थोड्या असतात. त्यांची संख्या वाढून त्या कामास लागेपर्यंत सुमारे आठवडा जातो. विषाणू काही तेवढे थांबत नाही. मग हा आठवडा निभावून कोण नेते?

टाकाऊ वाटलेले आकडे

या प्रश्नाचे उत्तर शोधत असताना नव्हे, तर एका त्रासदायक अडचणीतून या पेशींचा शोध लागला. १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक प्रयोगशाळांतून कर्कपेशींवर प्रयोग चालू होते. ज्या उंदरांना कर्कपेशी आधी टोचल्या आहेत, त्यांच्या लसीकापेशी अशा पेशींना मारतात काय, हे मोजावयाचे होते. तुलनेसाठी, ज्यांना काहीच टोचलेले नाही अशा उंदरांच्या लसीकापेशीही घेतल्या जात. त्यांनी काहीच करू नये, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात त्याही कर्कपेशींना मारीत! बराच काळ हा प्रयोगातील दोष समजला गेला.

१९७५ साली स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, तसेच अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष नसून खरा गुणधर्म आहे, असे दाखवून दिले. कोणत्याही पूर्वशिक्षणावाचून मारण्याची क्षमता असलेल्या या पेशींना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले. मनुष्याच्या रक्तातील दर १०० लसीकापेशींपैकी साधारणतः ५ ते १५ पेशी या जातीच्या असतात.

परवलीचा शब्द

आता प्रश्न असा की, ज्या पेशीला शत्रूची ओळख शिकवलेली नाही, ती शत्रू ओळखते कशी? आणि आपल्याच निरोगी पेशींना ती का मारीत नाही?

यासाठी प्रथम टी-पेशींची रीत पाहू. शरीरातील केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे एका विशिष्ट ओळखप्रथिनावर ठेवून पृष्ठभागावर मांडीत असते. आत विषाणू असेल, तर त्याच्या प्रथिनाचा तुकडाही तेथे दिसतो. टी-पेशी तो तुकडा आणि ओळखप्रथिन ही दोन्ही एकत्र पारखते. ही गोष्ट कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी दाखवली; त्यांचे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु काही विषाणूंना या तपासणीतून निसटण्याची युक्ती साधलेली आहे. कांजिण्यांचा विषाणू आणि त्याच्याच कुळातील सायटोमेगॅलो विषाणू ओळखप्रथिनाला पेशीच्या पृष्ठभागावर येऊच देत नाहीत, किंवा त्याचे प्रमाण पुष्कळ कमी करतात. पुरावा मांडणारी पाटीच काढून घेतल्यावर टी-पेशीला काय दिसणार?

नेमक्या याच ठिकाणी नैसर्गिक मारक पेशी उपयोगी पडते. गडाचा दरवाजा राखणारा पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ओळखत नसतो. तो परवलीचा शब्द विचारतो. नैसर्गिक मारक पेशीच्या दृष्टीने ओळखप्रथिन हाच परवलीचा शब्द होय. ते आढळले की तिच्यावरील काही ग्राहकांकडून ‘थांब’ असा संकेत मिळतो आणि ती पुढे सरकते. ते आढळले नाही, तर हा अटकाव दूर होतो. स्वीडनमधील क्लास कॅर यांनी ही कल्पना मांडली. १९८६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ओळखप्रथिने गमावलेल्या कर्कपेशी उंदरांच्या शरीरात नष्ट झाल्या. ती प्रथिने असलेल्या तशाच पेशी मात्र वाढत राहिल्या.

केवळ शब्द न मिळणे एवढ्यावर मात्र शिक्षा होत नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशींवर हे ओळखप्रथिन जवळजवळ नसतेच, तरीही त्या सुखरूप राहतात. मारण्यासाठी दुसऱ्या बाजूने ‘चाल कर’ असा संकेतही मिळावा लागतो. विषाणूने ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर संकटसूचक प्रथिने येतात, ती हा संकेत देतात. दोन्ही संकेतांचा तोल पाहून निर्णय होतो.

मारण्याची रीत

निर्णय झाला म्हणजे मारक पेशी लक्ष्यपेशीला घट्ट चिकटते आणि आपल्या आतील सूक्ष्म कण त्या बाजूस आणून रिते करते. त्यांतील परफोरिन हे प्रथिन लक्ष्यपेशीच्या पटलास छिद्रे पाडते. ग्रॅन्झाइम नावाची दुसरी प्रथिने आत शिरून तिला आत्मनाशाच्या मार्गास लावतात. विषाणूंचे उत्पादन असे अर्धवट राहते. मारक पेशी मात्र जिवंत राहून पुढच्या लक्ष्याकडे वळू शकते.

तिचे दुसरे काम इशारा देण्याचे आहे. १९५७ साली लंडन येथे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमान यांनी इंटरफेरॉन या द्रव्याचा शोध लावला. विषाणूग्रस्त पेशी इंटरफेरॉन सोडतात, तेव्हा मारक पेशी अधिक तल्लख होतात. त्या स्वतः गॅमा इंटरफेरॉन सोडून भक्षक पेशींना व टी-पेशींना जागे करतात.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. मनुष्यातील सायटोमेगॅलो विषाणू ओळखप्रथिनासारखे दिसणारे बनावट प्रथिन तयार करतो. म्हणजे चोराने परवलीचा शब्दच उसना घ्यावा तसे! हा डाव-प्रतिडाव फार प्राचीन काळापासून चालत आला आहे.

एका मुलीची साक्ष

या पेशी नसल्या तर काय होईल? १९८९ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका किशोरवयीन मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या शरीरात टी-पेशी होत्या, प्रतिपिंडेही तयार होत होती; नैसर्गिक मारक पेशी मात्र नव्हत्या. ज्या कांजिण्या इतर मुलांना आठ-दहा दिवस त्रास देऊन जातात, त्या तिच्या जिवावर बेतल्या. पुढे सायटोमेगॅलो विषाणूने व नागिणीच्या जातीच्या आणखी एका विषाणूनेही तिला गंभीर आजार झाले. हे सर्व विषाणू एकाच कुळातले, म्हणजे ओळखप्रथिन लपवणारे होत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. असे रुग्ण विरळा असतात. त्यांच्यापैकी काहींमध्ये नंतर विशिष्ट जनुकांतील दोष आढळले.

यावरून नैसर्गिक मारक पेशी एकट्याच विषाणूंना जिंकतात असे समजू नये. टी-पेशी सज्ज होईपर्यंत त्या विषाणूंची वाढ आवरून धरतात. पुढे कायमचा बंदोबस्त टी-पेशी आणि प्रतिपिंडे करतात. लस ही मुख्यतः या दुसऱ्या फळीला आधीच शिकवून ठेवते. म्हणून लसीची गरज मारक पेशींमुळे कमी होत नाही. परंतु कांजिण्यांतून उठलेले मूल अंगणात खेळताना दिसते, तेव्हा त्याच्या अंगावर फोड दिसण्यापूर्वीच या पेशींनी बजावलेली कामगिरी आपण विसरता कामा नये.