खजाना विहीर आणि तिची नहर

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर, सोलापूर-धुळे महामार्गाजवळ असलेली खजाना विहीर नावाने विहीर असली, तरी रचनेने ती जमिनीखालून वाहणाऱ्या एका नहरेचा मधला टप्पा आहे. अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती इ.स. १५८२ च्या सुमारास बांधवली आणि तिची आखणी राजा भास्कर या स्थापत्यकाराने केली, असे सांगितले जाते. जहागिरीचा सारा खजिना या कामी लागल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, खडकातून नहर काढणे स्वस्त नव्हते, एवढे निश्चित.

विहिरीच्या गोल भिंतीत तीन भुयारांची तोंडे आहेत. दोन भुयारे भोवतालच्या भूस्तरांतील पाणी आत आणतात, तर तिसरे ते बलगुजार परिसरातील शेतीकडे नेते. इराणमध्ये ‘कनात’ आणि दख्खनेत ‘कारेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचेच हे रूप आहे. या पद्धतीत उताराच्या वरच्या अंगाला भूजलाच्या थरात शिरतात आणि तेथून भुयाराचा तळ जमिनीपेक्षा कमी उताराने पुढे नेतात. त्यामुळे काही अंतरावर भुयार आपोआप जमिनीच्या पातळीला येते आणि पाणी मोटेवाचून रानात पोचते. हवा खेळावी व गाळ उपसता यावा यासाठी अशा नहरांवर उभी विवरे ठेवत. पुण्याच्या पेशवेकालीन कात्रज नहरेवर त्यांनाच उच्छ्वास म्हणतात.

या विहिरीचे पाणी चढतही नाही आणि उतरतही नाही, ही लोकसमजूत अगदीच निराधार नाही. बाहेर नेणारे भुयार सांडव्यासारखे काम करते, म्हणजे आवक वाढली की जावकही वाढते आणि पातळी फारशी हलत नाही. मात्र भोवतालचे भूजल आवक भुयारांच्या तळाखाली गेले की हा मेळ मोडतो. बीडच्या बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः वरचा मुरूम, मांजऱ्या खडक आणि काळ्या पाषाणातील भेगा यांतच साठते. हा साठा उथळ, आणि नहर त्यातून आपल्या तळाच्या वर असलेले पाणीच घेऊ शकते. अतिउपसा तिला शक्यच नसतो. विजेच्या पंपाला आणि बोअरवेलला ही मर्यादा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर खेड्यापाड्यांत पोचले आणि पुढे उसासारख्या तहानलेल्या पिकासाठी ते शेकडो फूट खाली गेले. तेव्हापासून अशा गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या योजनांच्या पायाखालचे पाणीच ओढले जाऊ लागले.

बीदरजवळच्या नौबाद येथील बहमनीकालीन कारेज गेल्या दशकात गाळ उपसून मोकळे करण्यात आले, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने इराणमधील ११ कनातांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. बीडच्या नहरेलाही गाळमुक्तीची गरज आहे, पण तेवढ्याने भागणार नाही, कारण गाळ काढलेल्या भुयारातही पाणी पाणलोटातूनच यावे लागते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला ही मर्यादा आधी पाळली जावी, बिंदुसरा नदीच्या पाणलोटात पुनर्भरणाची कामे व्हावीत आणि मगच भुयारात फावडे पडावे.