लाडू, काडी आणि थेंबभर पाणी

"मावशी, हे तर सगळं बिखरतंय!" रात्री साडेदहाला ग्वाल्हेरहून भाच्याचा फोन. ताई लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गेली त्याला तीस वर्षं होतील. तिच्या घरचं मराठी अजून मराठीच आहे. फक्त आपल्याकडे गोष्टी विखुरतात आणि तिच्याकडे बिखरतात.

बिखरत होता तो केक. भाच्याचं लग्न ठरलंय, मुलगी शहरातल्याच मुरार भागातली, आणि फेब्रुवारीत तिचा वाढदिवस. दुकानातून आणलेलं काही द्यायचं नाही, स्वतःच्या हातचे केक पॉप्स द्यायचे, असं याने ठरवलं. अट एकच, फ्रॉस्टिंग नको. साखरपुड्याच्या केकवरचं क्रीम तिने चमच्याने खरवडून ताटाच्या कडेला लावून ठेवलं होतं, ते याने बरोबर टिपलेलं. (मुलगा एरवी घरातला गॅस बंद आहे की चालू हे टिपत नाही.)

केक पॉप म्हणजे कुस्करलेल्या केकचा गोळा, काडीला टोचून चॉकलेटात बुडवलेला. अमेरिकेत अँजी डडली यांनी २००८च्या सुमारास तो घराघरांत पोचवला. मूळ कृतीत केकचा चुरा फ्रॉस्टिंगमध्ये मळतात. ते वगळलं की गोळा धरणार कशाने, हा भाच्याचा प्रश्न. मी म्हटलं, आजी शिळ्या पोळीचा लाडू कशाने धरायची? पोळी चुरायची, गूळ-तूप घालून मळायची आणि दाबून वळायची. काडी सोडली तर हा तोच पदार्थ, आणि त्यात फ्रॉस्टिंग कधीच नव्हतं.

आता हा लाडू धरतो कसा ते बघू. कोरड्या वाळूचा खोपा होत नाही आणि चिखलाचाही होत नाही. ओलसर वाळूचाच होतो. ओलसर वाळूत दोन कणांच्या बेचक्यात पाण्याचा इवलासा पूल तयार होतो. पृष्ठताणामुळे तो पूल दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढतो. असे लाखो पूल मिळून खोपा उभा धरतात. पाणी वाढवत नेलं की कणांमधल्या सगळ्या फटी भरतात, पुलांच्या कडा नाहीशा होतात, ओढ संपते आणि खोपा बसतो. म्हणजे काम करतं ते थेंबभर पाणी. बादलीभर पाणी तेच काम बिघडवतं.

केकचा चुरा वाळूपेक्षा जास्त सोयीचा आहे. ताज्या स्पंज केकच्या वजनात साधारण चौथा हिस्सा पाणी असतंच, पण ते स्टार्चच्या फुगलेल्या जेलमध्ये आणि साखरेत अडकलेलं असतं. हाताने दाबलं की केकमधली हवा निघून जाते, कण जवळ येतात, आणि साखर विरघळलेलं ते चिकट पाणी व लोणी त्यांच्यामध्ये पसरतं. साध्या पाण्याच्या पुलापेक्षा पाकाचा पूल पक्का, कारण तो घट्ट असल्याने सहजासहजी तुटत नाही. फ्रॉस्टिंग हेच काम करतं, फक्त वाजवीपेक्षा जास्त गोड आणि जास्त तुपकट करून.

मग याचा का बिखरत होता? चौकशीत कळलं की केक परवा केलेला आणि दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला. "खराब होऊ नये म्हणून." इथेच चूक झाली. केक भाजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो; गार झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा ओळीने लागून स्फटिक बनू लागतात आणि केक टणक, ठिसूळ होतो. शिळी पोळी ताठ होते ती याच कारणाने, निव्वळ वाळल्यामुळे नव्हे. ही शिळेपणाची क्रिया फ्रिजच्या तापमानाला, चार अंशांच्या आसपास, सर्वांत भराभर होते. बाहेर डब्यात ठेवलेला केक एक वेळ मऊ राहिला असता. उलट हे स्फटिक साठ अंशांच्या आसपास बरेचसे मोडतात, म्हणून शिळी पोळी तव्यावर टाकली की पुन्हा मऊ होते. त्याला म्हटलं, चुरा वाफेवर दोन मिनिटं गरम कर, कोमट झाला की दोनशे ग्रॅमला दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क घाल आणि मळ. चमचे मोजून हं. मूठ दाबल्यावर गोळा धरला, आणि बोटाने टोकरल्यावर स्वच्छ तुटला, की थांब. तिसऱ्या चमच्याला तो लाडू राहणार नाही, शिरा होईल. कंडेन्स्ड मिल्कच का? कारण त्यातलं बहुतेक पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे गोळा साध्या दुधातल्या गोळ्याइतका लवकर आंबत नाही.

लिंबाएवढे बारा गोळे झाले. पुढचा फोन पाऊण तासाने. "मावशी, चॉकलेटचं दगड-माती झालं."

हा प्रकार ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. पातेल्यात पाणी उकळतंय, वर भांड्यात चॉकलेट रेशमासारखं वितळलंय, आणि भांडं उचलताना वाफेचा एक थेंब आत पडतो. बघता बघता सगळं घट्ट, खरखरीत, चमच्यावरून न सुटणारं. माणसाला वाटतं चॉकलेट जळलं. जळलेलं नसतं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोकोच्या तुपात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण. इतके बारीक की जिभेला रवाळपणा कळत नाही. त्यात पाणी जेमतेम एक टक्का. एवढ्या कोरड्या जगात थेंब पडला की साखरेचे कण तो झटकन ओढून घेतात, त्यांच्या कडा विरघळून चिकट होतात आणि कणाकणांत पूल बांधले जातात. म्हणजे लाडू वळतो! अर्ध्या तासापूर्वी ज्या पुलांसाठी आपण कंडेन्स्ड मिल्क मोजत होतो तेच पूल, नको तिथे. गंमत म्हणजे या चॉकलेटात अजून गरम दूध घातलं की ते पुन्हा सैल होतं, अगदी खोप्यात बादली ओतल्यासारखं. ते आवरणाला चालत नाही, पण फुकट जाऊ नये म्हणून ताईने त्याचं सगळ्यांना पिण्याचं चॉकलेट केलं.

नवं चॉकलेट घ्यायला दुसऱ्या दिवशी लश्करच्या बाजारात, बाड्यावर, जावं लागलं. दुकानदार कंपाउंडची लादी गळ्यात मारत होता. कंपाउंडमध्ये कोकोच्या तुपाऐवजी पाम कर्नलसारखं दुसरं स्निग्ध असतं. वितळव, बुडव, काम झालं. सोयीचं आहे, पण टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं, आणि भेट द्यायची आहे तर खऱ्या चॉकलेटची खटपट करावी असं माझं मत. खटपट अशासाठी की कोकोचं तूप सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकतं. हवं असतं ते पाचवं. ते चकचकीत दिसतं, कटकन मोडतं आणि तेहेतीस-चौतीस अंशांना वितळतं; तोंडात सदतीस अंश, म्हणून जिभेवर विरघळतं. नुसतं वितळवून गार केलं तर खालच्या रूपांची सरमिसळ होते, आवरण मऊ आणि डागाळलेलं निघतं. घरगुती उपाय सोपा आहे. दोन तृतीयांश चॉकलेट वितळवायचं, विस्तवावरून उतरवायचं आणि उरलेलं बारीक चिरून त्यात ढवळत राहायचं. न वितळलेल्या तुकड्यांत पाचव्या रूपाचे स्फटिक असतात, ते विरजणाचं काम करतात. डार्क चॉकलेट एकतीस-बत्तीस अंशांवर आलं की बुडवायचं. थर्मामीटर नसेल तर थेंब खालच्या ओठाला लावून बघावा; किंचित गार लागला पाहिजे.

काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खुपसायचं. चॉकलेट चुऱ्याच्या फटींत शिरून गोठतं, भिंतीत खुंटी सिमेंटने बसवावी तसं. गोळे मात्र फ्रीझरमधून काढून थेट बुडवायचे नाहीत. गार गोळा आकसलेला असतो. वर चॉकलेट घट्ट होतं, मग आतला गोळा खोलीच्या तापमानाला येताना फुगतो आणि कवचाला तडा जातो. भाच्याचे पहिले तीन असेच उकलले, ते पुन्हा बुडवावे लागले.

फेब्रुवारीचं ग्वाल्हेर या सगळ्याला अनुकूल. पहाटे दहा-अकरा अंश, दुपारी पंचविसाच्या आसपास, हवा कोरडी. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना हीच भेट वाटी-चमच्यासकट द्यावी लागली असती.

वरून काय लावायचं हे मात्र त्याचं त्यानेच शोधलं, आणि मला ते फार आवडलं. गजक! शेजारच्या मुरैनाची, जिला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गुळाचा पाक ताणताणून त्यात तीळ कुटून केलेली ही वडी कुरकुरीत असते, कारण तिच्यातला गूळ स्फटिक न होता काचेसारखा गोठलेला असतो. तिकडचे कारागीर श्रेय चंबळच्या पाण्याला देतात. पण तयार गजकेचा खरा वैरीसुद्धा पाणीच. दमट हवेतली ओल शोषली की ती काच मऊ पडते आणि वडी चिवट होते. म्हणून ती मुख्यतः थंडीत करतात. ओलसर गोळ्यात गजक कालवली असती तर सकाळपर्यंत मेली असती. चॉकलेट ओलं असताना वरून भुरभुरवली, तर मधला स्निग्ध थर आतली ओल अडवून धरतो.

प्रेम आणि चॉकलेट यांचा रासायनिक संबंध मात्र मी त्याला लावू दिला नाही. चॉकलेटमध्ये फिनाइलइथिलअमाइन असतं आणि ते म्हणे प्रेमाचं रसायन. असतं खरं, अगदी थोडं. पण खाल्लेलं बहुतेक सगळं शरीरातली विकरं मेंदूपर्यंत पोचायच्या आत मोडून टाकतात. भेट म्हणून बघायचं तर ग्वाल्हेरचा जुना मापदंड वेगळाच आहे. राजा मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल बांधला, आणि आख्यायिका अशी की तिने लग्नाला अट घातली ती तिच्या राई गावच्या नदीचं पाणी महालापर्यंत आणण्याची. त्यामानाने क्रीम नको ही अट स्वस्तात पडली.

लश्कर ते मुरार स्कूटरवरून बारापैकी अकरा काड्या उभ्या पोचल्या. थर्माकोलला भोकं पाडून त्यात रोवल्या होत्या. तिने काय म्हटलं ते भाच्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बारावा गोळा गतिरोधकावर काडीवरून घसरला म्हणून परत आला, तो ताईने सवयीने फ्रिजमध्ये टाकला. सकाळी बाहेर काढून ओट्यावर विसरली. तासाभराने मला फोटो: चॉकलेटवर पांढुरके ठिपके. "बुरशी आली का गं?"

एका रात्रीत बुरशी कुठली! फ्रिजमधली गार वस्तू स्वयंपाकघरात, जवळ चहा उकळत असताना ठेवली की वाफेचं दव तिच्यावर जमतं. चॉकलेटची साखर त्या दवात विरघळते, दव उडून जातं आणि साखर पृष्ठभागावर पांढरी होऊन मागे राहते. ओलं बोट फिरवून बघ, मी लिहिलं, विरघळली तर साखर, खायला हरकत नाही.

ताईने उत्तर लिहीत कशाला बसावं. संदेश वाचल्याची निळी खूण उमटली आणि दुसरा फोटो आला. रिकामी बशी, तिच्यात थोडी गजक.